पऱ्यावरची वीज : एक किलोवॅटच्या पिको जलविद्युत संचाचे परीक्षण

सड्यावरून, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळपठारावरून, खाली उतरणाऱ्या पऱ्यावर (पावसाळी ओढ्यावर) बसवता येईल असा एक किलोवॅट क्षमतेचा पिको, म्हणजे अगदी लहान, जलविद्युत संच आम्ही गुहागर तालुक्यातील आमच्या होमस्टेसाठी घाटावरच्या एका लहान कारखान्याकडून घेतला, आणि त्याने पूर्ण पावसाळा व त्यानंतरची दिवाळी पाहिल्यावरच हे परीक्षण लिहायला घेतले आहे. ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निष्कर्ष आधीच सांगतो. हे यंत्र पाच-सहा महिन्यांचे आहे, बारमाही नाही. तसे समजून घेतले तर पैसे वसूल होतात. माहितीपत्रकावर मात्र 'वर्षभर अखंड वीज' असे ठळक अक्षरांत छापलेले आहे, ते बहुधा हिमालयातले ओढे डोळ्यांसमोर ठेवून लिहिले असावे. आमचा पऱ्या मिरगात जागा होतो आणि नाताळाच्या सुमारास निजतो.

संचाबरोबर टर्गो पद्धतीचे टर्बाइन (पाण्याच्या धारेने फिरणारे चाक), त्याच्याच दांड्यावर बसवलेले, वीज तयार करणारे कायमचुंबकी जनित्र, धार सोडणाऱ्या दोन तोट्या म्हणजे नोझल, नियंत्रक पेटी आणि जादा वीज जिरवण्यासाठी एक हीटर मिळतो. बंधारा, गाळणीची जाळी, टाकी, पाइप व यंत्राखालचा चौथरा ही सर्व तयारी घेणाऱ्याने करायची असते, आणि एकूण खर्चाचा जवळजवळ निम्मा भाग तिथेच जातो, ही गोष्ट दरपत्रकात कुठेतरी खाली बारीक अक्षरांत आहे. पाइप, सिमेंट आणि मजुरी धरून आमचा आकडा दीड लाखाच्या घरात गेला.

कामाचे तत्त्व सोपे आहे. सेकंदाला किती लीटर पाणी येते, ते किती मीटर खाली पडते, यांचा गुणाकार करून त्याला ९.८१ ने गुणले की पाण्यात मुळात किती वॅट आहेत ते कळते. सेकंदाला १० लीटर पाणी आणि २० मीटर उतार असेल तर ही संख्या १,९६२ वॅट येते. एवढ्या लहान यंत्रात त्यातली साधारण अर्धी वीज हाती लागते, म्हणूनच याला एक किलोवॅटचा संच म्हणतात. येथवर कारखान्याचे म्हणणे बरोबर आहे. गोची पाइपात आहे. दरपत्रकात ९० मिलिमीटरचा एचडीपीई (प्लॅस्टिकचा) पाइप धरला होता, कारण तो स्वस्त पडतो आणि एकूण आकडा आटोपशीर दिसतो. आमचा पुतण्या आयटीआयचा फिटर आहे. त्याने कागदावर हिशेब मांडला आणि म्हणाला, "काका, एवढ्या लांबीत नव्वदचा पाइप वीसातले सहा मीटर घर्षणातच खाईल, एकशेदहाचा घ्या." सुमारे सव्वाशे मीटर लांबीला ११० मिलिमीटरच्या पाइपात हा तोटा दोन मीटरच्या आसपास राहतो. पाइपाच्या किमतीतला फरक एकदाच द्यावा लागतो, घर्षणातला तोटा मात्र दर पावसाळ्यात, दर तासाला सोसावा लागतो. तेव्हा विक्रेत्याने कितीही आग्रह केला तरी या एका बाबतीत काटकसर करू नये.

मोठ्या पाइपासह आषाढ-श्रावणात आम्हाला साडेसातशे ते साडेआठशे वॅटच्या दरम्यान वीज मिळत राहिली. हा आकडा ऐकून अनेकांचा हिरमोड होतो, कारण एक गीझरसुद्धा दोन हजार वॅटचा असतो. परंतु हे आठशे वॅट रात्रंदिवस येतात, म्हणजे दिवसाला जवळपास १९ युनिट होतात. एक किलोवॅटचे सौर पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे चार युनिट देते आणि जुलैत, जेव्हा आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, तेव्हा त्याहूनही बरेच कमी. आमच्या छपरावर पॅनेल आधीपासून आहेतच. पावसाळ्यात ती ओली होऊन पडून राहत, आणि नेमक्या त्याच दिवसांत झाड पडून तार तुटली की वाडीची वीज जात असे. आता त्या काळात दिवे, पंखे, फ्रिज, वायफाय आणि मिक्सर पऱ्यावर चालतात. विहिरीवरचा पंप मात्र सुरू होताना जो झटका घेतो तो संचाला पेलत नाही, हे लक्षात ठेवावे.

जादा विजेची गोष्ट थोडी विस्ताराने सांगायला हवी, कारण या संचातला माझ्या मते सर्वांत शहाणा भाग तोच आहे. पाणी सतत येत असल्यामुळे घरातले दिवे बंद केले म्हणून टर्बाइन थांबत नाही; भार काढला की ते सुसाट फिरू लागते आणि विजेचा दाब वाढून उपकरणे जळू शकतात. म्हणून नियंत्रक पेटी घरात न वापरलेली वीज आपोआप हीटरकडे वळवते. कारखान्याने हा हीटर यंत्राजवळ उघड्यावर हवेत जिरण्यासाठी दिला होता. आम्ही पाण्यातला हीटर मागवून तो न्हाणीघरावरच्या टाकीत बसवला. रात्री सगळे झोपले की आठशेपैकी सातशे वॅट टाकीत जातात आणि पहाटे पाहुण्यांना कढत पाणी मिळते. पावसाळ्यात ओल्या लाकडांनी बंब पेटवण्याचा जो धुराचा सोहळा असे, तो त्यामुळे संपला. हीच जोडणी कारखान्याने मूळ संचातच दिली पाहिजे.

आता दोष. पहिला दोष जाळीचा. सोबत दिलेली आडवी जाळी आंब्याच्या, ऐनाच्या, किंजळीच्या पानांनी पहिल्याच जोरदार सरीत भरते, पाइपात हवा शिरते आणि दिवे लुकलुकू लागतात. मिरगाच्या दिवसांत तर तांबड्या मातीचा गाळ आणि वर्षभराचा पालापाचोळा एकदमच येतो, आणि त्या दिवसांत भर पावसात इरले घेऊन वर जाण्याला पर्याय नाही. आम्ही पुढे तिरप्या बसणाऱ्या सळयांची जाळी करून घेतली. पाने तिच्यावरून घसरून पुढे जातात आणि पाणी तेवढे खाली पडते. दुसरा दोष नियंत्रक पेटीचा. परतीच्या पावसात ढगांचा गडगडाट झाला आणि पेटी बंद पडली. वीज पडून झालेले नुकसान हमीत बसत नाही, असे दूरध्वनीवर सांगण्यात आले. ज्या प्रदेशात आश्विनातला पाऊस विजा घेऊनच येतो, तिथे विकायच्या यंत्राला वीजरोधक, म्हणजे आभाळातल्या विजेपासून बचाव करणारे साधन, हे वेगळे पैसे मोजून घ्यायचे उपकरण असावे, हे मला पटलेले नाही. तंत्रज्ञ घाट उतरून यायलाही बराच वेळ लागला. आल्यावर मात्र त्याने काम नीट केले आणि अर्थिंगचा नवा खड्डा स्वतः उभे राहून खणून घेतला. तिसरा दोष किरकोळ. यंत्राचा आवाज बारीक, पण अखंड असतो, त्यामुळे ते पाहुण्यांच्या खोल्यांपासून दूर, भिंतीआड ठेवावे. माहितीपुस्तिका मराठीत नाही, याचे आता नवल वाटत नाही.

एवढ्याशा यंत्राच्या निमित्ताने मोठ्या जलविद्युतेबद्दल लिहिणे अस्थानी वाटेल, परंतु गुहागरकराला तो मोह टाळता येत नाही. वाशिष्ठीच्या वरच्या अंगाला पोफळीला कोयनेची वीज तयार होते. खालच्या टोकाला, दाभोळच्या खाडीच्या मुखाशी अंजनवेलला वायूवर चालणारा प्रकल्प उभा आहे. दोघांची क्षमता जवळपास सारखी, कोयनेची १,९६० मेगावॅट आणि अंजनवेलची १,९६७. अंजनवेलचा प्रकल्प एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या काळात १९९९ मध्ये सुरू झाला, २००१ मध्ये बंद पडला, नव्या नावाने पुन्हा उभा राहिला आणि २०१३ मध्ये वायू मिळेना म्हणून पुन्हा थंडावला. पुढे रेल्वेसाठी त्याचा काही भाग चालू झाला. कोयनेचा पहिला संच १९६२ पासून चालतो आहे आणि त्याचे इंधन दरवर्षी आभाळातून येते. काही मिनिटांत चालू-बंद करता येणारी वीज हे पाण्याचे मोठे बळ आहे. संध्याकाळी सौरऊर्जा मावळते आणि मागणी चढते, त्या वेळी कोळशाचे संच तेवढ्या झटपट वर येऊ शकत नाहीत, जलविद्युत येते. घाटघरचा २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प तर याच्याही पुढे जातो : मागणी कमी असताना पाणी वर चढवायचे आणि गरजेला खाली सोडायचे. सौर व पवनऊर्जा जसजशी वाढेल तसतशी अशा साठवणुकीची गरज वाढणार, म्हणून पाण्याची वीज ही मागच्या पिढीची गोष्ट आहे असे मला वाटत नाही. सूर्याची जोडीदार म्हणून तिला पुढे मोठे काम आहे. आमच्या छपरावरची पॅनेल आणि खालचा पऱ्या यांनी वर्ष जसे वाटून घेतले आहे, तेच मोठ्या प्रमाणावर करायचे आहे.

अर्थात मोठ्या धरणांची किंमत कोणी मोजली, हे महाराष्ट्राला सांगण्याची गरज नाही. मुळशीचे पाणी भिऱ्याला वीज देऊ लागले, पण त्यापूर्वी १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली तिथल्या मावळ्यांना सत्याग्रह करावा लागला होता. कोयनेच्या विस्थापितांचे पुनर्वसनाचे प्रश्न तर आजतागायत चर्चेत आहेत. पऱ्यावरच्या संचात कोणाचे गाव बुडत नाही. पाणी पाइपातून जाऊन तसेच्या तसे पुन्हा पऱ्याला मिळते. आमच्याकडे ते आधी सुपारीच्या आगरातल्या पाटातून फिरते. तरीही खालच्या वाडीला न विचारता बंधारा बांधू नये. आमच्याकडे बैठक झाली, तेव्हा एका आजोबांनी एवढेच विचारले, "पानी आटवनार न्हाय ना रं?" त्या प्रश्नाला मान देऊन आम्ही बंधाऱ्यात एक मोरी कायम उघडी ठेवली आहे. ग्रामपंचायतीची लेखी संमती आणि पाण्यावर ज्याचा अधिकार चालतो त्या खात्याकडे चौकशी, हे दोन्ही संच मागवण्यापूर्वी उरकावे.

हा संच कोणी घ्यावा? ज्यांच्या जागेत किंवा लगत किमान पंधरा-वीस मीटर उतार आहे, पऱ्या घरापासून फार लांब नाही, आणि जाळी साफ करायला रोज कोणीतरी हजर असते, त्यांनी जरूर घ्यावा. फक्त सुट्टीत उघडणाऱ्या बंगल्यासाठी घेऊ नये. समुद्राला लागून सपाट आगर असलेल्यांनी तर विचारही करू नये. उतार नसेल तर कितीही पाणी असून उपयोग नाही.

मोजमाप स्वतः करावे. उतार गवंड्याच्या लेव्हलच्या नळीने टप्प्याटप्प्याने मोजता येतो. पाण्यासाठी दोनशे लीटरचे पिंप घ्यावे. पऱ्याचे वळवलेले पाणी वीस सेकंदांत ते भरत असेल तर सेकंदाला १० लीटर मिळतात, चाळीस सेकंद लागले तर पाच. हे मोजमाप जुलैत करू नये, त्या महिन्यात कोकणात प्रत्येक पऱ्या किलोवॅटचा असतो. दसऱ्याच्या सुमारास करावे, पुन्हा एकदा कार्तिकात करावे, आणि कार्तिकात जो आकडा येईल त्यावरून नोझलचा आकार ठरवायला कारखान्याला सांगावे. लहान नोझलची जोडी जास्तीची मागून घ्यावी, कारण पाणी उतरल्यावर तीच लावून आम्ही नाताळच्या आधीपर्यंत तीनशे वॅट काढू शकलो. वीजरोधक आणि बेअरिंगचा एक जादा जोड याच मागणीत लिहावा. नंतर मागवले की वाहतुकीचाच खर्च वस्तूच्या बरोबरीने येतो.