दादाचे दात, खोटी केस आणि हातची गेलेली मुदत

दादाला विचारून लिहितेय, तो म्हणाला नाव सोडून सगळं लिही. तो वीस वर्षं न्यू जर्सीत आहे, मीही जवळच राहते. पाठीच्या ऑपरेशननंतर दुखण्यासाठी ऑक्सिकोडोन दिलं आणि त्या गोळ्यांची सवय लागली. 2017 पासून डॉक्टरांनी ती सवय सुटावी म्हणून सुबॉक्सोन सुरू केलं, जिभेखाली ठेवायची पातळ नारिंगी पट्टी, पूर्ण विरघळेपर्यंत तोंड मिटून बसायचं, पाणीसुद्धा प्यायचं नाही. या औषधाने माझा भाऊ माणसात परत आला हे आधीच सांगते, म्हणजे उगाच कोणी घाबरून बंद करू नये.

पण दात गेले. 2022 च्या गणपतीत आमच्याकडे जेवायला आला होता, मोदक खाता खाता थांबला आणि तोंडातून काहीतरी काढून ताटाच्या कडेला ठेवलं, मला वाटलं सारणात करवंटीचा तुकडा आला. दाढेचा तुकडा होता, आतून तपकिरी, कडा भुसभुशीत. सप्टेंबरमध्ये डेंटिस्टने विचारलं जिभेखालचं काही औषध घेता का, आणि तसं फाइलमध्ये लिहिलंही. ही फाइल लक्षात ठेवा.

त्याच वर्षी 12 जानेवारीला एफडीएने, म्हणजे अमेरिकेत औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, इशारा दिला होता की तोंडात विरघळणाऱ्या ब्युप्रेनॉर्फिनने (सुबॉक्सोनमधलं मुख्य औषध) दात किडतात, हिरड्यांना इन्फेक्शन होतं, दात पडतात. त्यांच्याकडे 305 केसेस आल्या होत्या, त्यातल्या 131 गंभीर, आणि काही जणांना आधी दातांचा काही त्रासच नव्हता. औषध बंद करू नका, पट्टी विरघळली की पाण्याचा मोठा घोट घेऊन दातांवरून हळू फिरवून गिळा आणि किमान एक तास ब्रश करू नका असंही त्यात होतं. हे दादाला पाच वर्षं कोणीच सांगितलं नव्हतं! जून 2022 मध्ये लेबलवर ही सूचना आली, मग लोकांनी कंपनीवर केसेस टाकल्या की आधी का नाही सांगितलं, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये देशभरच्या केसेस ओहायोच्या फेडरल कोर्टात एकत्र झाल्या, त्या एकत्रित खटल्याचा नंबर एमडीएल 3092.

एप्रिलमध्ये दादाला फेसबुकवर या केसेसची जाहिरात दिसली, फॉर्म भरला आणि दहा मिनिटांत फोन. बाई इतकी गोड बोलायची की दादा तिला दातांचं सगळं सांगायचा, जे आम्हालाही सांगत नव्हता. मेडिकल रेकॉर्ड मागवायला 395 डॉलर, कोर्ट फीचे 650, दोन्ही झेलवरून (बँक खात्यातून थेट पैसे पाठवायची सोय) घेतले. जन्मतारीख आणि सोशल सिक्युरिटी नंबरही. मे महिन्यात पीडीएफ आली, वर कोर्टाचा शिक्का, एमडीएल 3092 अगदी बरोबर, वकिलाचं नाव, सही. दादा निश्चिंत झाला.

नोव्हेंबरमध्ये फोन, तुमचं सेटलमेंट मंजूर झालंय, आधी 1,800 डॉलर टॅक्स भरा. तेव्हा तो माझ्याकडे आला. मी पेसरवर खातं उघडलं, फेडरल कोर्टाच्या केसेस तिथे कोणालाही बघता येतात, पानाला 10 सेंट, आणि तीन महिन्यांत 30 डॉलरच्या आत राहिलं तर काहीच लागत नाही. दादाच्या नावावर केसच नव्हती. वकील मात्र खरा निघाला, स्टेट बारच्या, म्हणजे राज्यातल्या वकिलांच्या संघटनेच्या, साइटवर होता, पण फोन केला तर तो घरांच्या खरेदी-विक्रीचं काम करणारा, त्याचं नुसतं नाव चोरलेलं.

पैशांचं दुःख नाही हो मला. मग आम्ही खऱ्या वकिलाकडे गेलो, त्यांनी पहिलीच गोष्ट विचारली की औषधामुळे झालं हे कधी कळलं. न्यू जर्सीत तेव्हापासून केस टाकायला दोन वर्षांची मुदत, आणि डेंटिस्टच्या फाइलमध्ये तारीख सप्टेंबर 2022. म्हणजे त्या बाईने ‘केस फाइल झाली’ सांगितलं तेव्हा चार महिने हातात होते, आणि तेच चार महिने आम्ही त्या पीडीएफवर विसंबून घालवले. वकिलांनी पेपर बंद केले, केस घेता येणार नाही म्हणाले. दादा पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिला, किल्ली लावेचना.

तेव्हा कळलं की असल्या केसेसमध्ये वकील आधी एक पैसा घेत नाहीत, जिंकलात तर साधारण 33 ते 40 टक्के, रेकॉर्डचा खर्चही त्यातूनच वळता होतो. म्हणजे पहिल्या 395 डॉलरलाच ओळखायला हवं होतं. वकिलाचं नाव सांगितलं तर फोनवाल्याने दिलेल्या नंबरवर नाही, स्टेट बारच्या साइटवरच्या नंबरवर फोन करा. केस फाइल झाली म्हणाले तर त्याच आठवड्यात स्वतः पेसरवर बघा, त्यांच्या पीडीएफवर जाऊ नका. सोशल सिक्युरिटी नंबर देऊन बसला असाल तर इक्विफॅक्स, एक्स्पेरियन, ट्रान्सयुनियन या तिन्ही क्रेडिट कंपन्यांकडे क्रेडिट फ्रीज करा, म्हणजे तुमच्या नावावर कोणाला कर्ज काढता येणं अवघड होतं, फुकट असतं, आणि एफटीसीकडे, म्हणजे ग्राहकांच्या फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या सरकारी संस्थेकडे, तक्रार करा. आम्ही केली, झेलचे पैसे काही परत आले नाहीत.

दादाने आधी विचारलं का नाही म्हणून मी चिडले होते, तर म्हणाला, मंडळात कोणाला विचारू, मी कुठलं औषध घेतो हे सांगावं लागलं असतं. कोणाच्या घरी हे औषध चालू असेल आणि असा फोन आला असेल तर मला मेसेज करा, कोणासाठी आहे ते मी विचारणार नाही.