रबर रिंग की चिमटा? बोकड खस्सी करायचं ठरलेल्यांसाठी

नर करडं खस्सी करायची, म्हणजे त्यांच्या अंडकोषातल्या गोळ्या निकामी करायच्या, हे ज्यांचं आधीच ठरलंय त्यांच्यासाठी लिहितोय. करावी की करू नये, वजन कशात जास्त येतं, त्यावर इथे वाद नको, ते ज्याचं त्याचं गिऱ्हाईक ठरवतं. माझ्याकडे बार्शीच्या बाजूला उस्मानाबादी जातीच्या शेळ्या आहेत, शेड एकच, पाटी, म्हणजे तरुण माद्या, आणि बोकडं वेगळी ठेवायला जागा नाही, आणि उस्मानाबादीचं नर करडू तीन-चार महिन्यांचं झालं की बहीण बघत नाही, आई बघत नाही, त्यामुळे मला पर्याय नव्हता. रिंग पण वापरली, चिमटा पण वापरला. आता घरात चिमटाच आहे, रिंगचा पक्कड कुणीतरी मागून नेलाय आणि मी परत मागितलेला नाही.

जुन्या पद्धतींचं आधी उरकून घेतो. आपल्याकडे बैल बडवायचे, म्हणजे अंडकोषाच्या पिशवीच्या वरची, गोळ्यांकडे जाणारी नस दोन लाकडांत धरून ठेचायची, काही जुनी माणसं बोकडालाही तेच करायची. ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायची गरज नाही, जनावर अर्धमेलं होतं आणि एवढं करून नस तुटली की नाही ते देवाला ठाऊक. ब्लेडने पिशवी कापून गोळ्या काढणारे अजून आहेत आणि खरं सांगायचं तर खात्री त्यातच सगळ्यात जास्त, काढलं म्हणजे काढलं. पण उघडी जखम, रक्त आणि शेडात खाली मुताचा चिखल. ते डॉक्टरने भूल देऊन स्वच्छ जागी करायचं काम आहे, आपण घरी करायचं नाही. तिसरा जुगाड म्हणजे सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून आवळून बांधणे. स्वस्त वाटतं म्हणून लोक करतात, पण ट्यूबला पुरेसा आवळ येत नाही, एक-दोन दिवसांत ढिली पडते, मग रक्त अर्धवट चालू राहतं आणि पिशवी सुजून लाल-निळी होते. यात पडूच नका.

म्हणजे उरले दोनच. रिंग, आणि चामडी न फोडता आतली नस चेपणारा बर्डिझो चिमटा.

रिंग लावायला सोपी, हे मान्यच करायला पाहिजे. चार काट्यांचा पक्कड, त्यावर रबर ताणायचं, पिशवी आत घ्यायची, दोन्ही गोळ्या खाली आल्यात ते बोटाने चाचपायचं आणि रिंग सोडून द्यायची. माणूस एकटा करू शकतो, रक्ताचा थेंब नाही. करडू पहिल्या आठवड्यातलं असेल तर काम मिनिटभराचं. लावल्यावर मात्र तास-दोन तास ते उठ-बस करतं, पाय झाडतं, आईला पीत नाही, ते बघवत नाही. इंग्लंडात 7 दिवसांपेक्षा मोठ्या करडाला भूल न देता रिंग लावायला कायद्याने बंदी आहे, आणि ती का हे एकदा मोठ्या करडाला लावताना बघितलं की लगेच कळतं. आपल्याकडे लोक दोन-दोन महिन्यांच्या करडाला लावतात.

पण माझं मन रिंगवरून उडालं ते लावण्यामुळे नाही, नंतरच्या तीन आठवड्यांमुळे. रक्त बंद झालं की पिशवी हळूहळू सुकते, काळी पडते, आणि दोन-चार आठवड्यांनी गळून पडते, असं कागदावर. प्रत्यक्षात ती सुकायच्या आधी रिंगच्या वरच्या कडेला चामडी फाटते, ओल येते, आणि ती ओल माशीला लांबून कळते. आमच्याकडे बरीच करडं पावसाळ्याच्या तोंडाला आणि दिवाळीच्या आगेमागे होतात. दिवाळीनंतरच्या थंडीत रिंग लावली तर चालून जातं. आषाढ-श्रावणात लावली तर रोज सकाळ-संध्याकाळ एकेक करडू उलटं धरून बघावं लागतं, अळ्या पडल्यात का, वास येतोय का, स्प्रे मारा, पुन्हा बघा, दोन दिवस बघायचं राहिलं की तिसऱ्या दिवशी शेडात शिरल्याबरोबर वास. ज्यांचा शेळीपालन हा एकच धंदा आहे, जे दिवसभर शेडातच असतात, त्यांना यात फार काही वाटणार नाही कदाचित. मी दुपारभर दुकानावर असतो, शेडातलं घरचे बघतात, आणि एवढ्या करडांच्या पिशव्या रोज तपासा असं मी घरच्यांना कुठल्या तोंडाने सांगू. वर धनुर्वाताचा धोका वेगळाच, रिंग लावायची तर त्याचं इंजेक्शन डॉक्टरला विचारून द्यायलाच पाहिजे, बरेच जण ते देत नाहीत आणि मग करडू ताठ झालं की करणी केली म्हणतात.

चिमट्याचं उलटं आहे. त्रास सगळा त्याच दिवशी. एका माणसाने करडू घट्ट धरायचं, दुसऱ्याने पिशवीच्या मानेत नस चाचपून कडेला घ्यायची आणि चिमटा दाबायचा. आधी एक बाजू, मग दुसरी. दोन्ही बाजूंच्या खुणा एका रेषेत येऊ द्यायच्या नाहीत, एक वर एक थोडी खाली, आणि मधली जागा सोडायची, कारण पिशवीच्या चामडीला रक्त तिथूनच जातं, दोन्ही एकदम दाबलं तर पिशवी सडते. चामडी फुटत नाही, आतली नस तेवढी चेपते. करडू जोरात ओरडतं, हे लपवण्यात अर्थ नाही. म्हणून मी आता पशुवैद्यक डॉक्टर येणार असतील त्याच दिवशी करतो, ते भुलीचं इंजेक्शन देतात, दुखणं कमी व्हायचं औषध देतात, खर्च वाढतो पण करडू संध्याकाळपर्यंत चाऱ्याला लागतं. चार-सहा दिवस सूज राहते आणि महिना-दीड महिन्यात गोळ्या आत विरून जातात. जखमच नाही तर माशी कशावर बसणार.

चिमट्याची पण एक कटकट आहे, नाही असं नाही. झालं की नाही ते लगेच कळत नाही. नस बोटातून निसटली असेल तर त्या बाजूची गोळी महिन्याने पण टणकच लागते, आणि तोवर तुम्ही निर्धास्त असता. त्यामुळे महिना-दीड महिन्याने चाचपायचं, टणक लागली तर पुन्हा करून घ्यायचं, आणि तोवर त्याला माजावर आलेल्या पाटीजवळ सोडायचं नाही. पण ही तपासणी एकदाच. रिंगसारखी रोजची नाही. माझा सगळा हिशोब इथे येऊन थांबतो.

चिमटा घेताना एक बघा. दोन कागदांच्या मधे दोरा ठेवून चिमटा दाबायचा, दोरा तुटला पाहिजे आणि कागद शाबूत राहिला पाहिजे. बाजारात दिसायला सेम टु सेम मिळतात पण तोंडं सारखी मिटत नाहीत, असला चिमटा फुकट दिला तरी नको. आणि ठेवताना मिटवून ठेवू नका, नाहीतर त्याची पकड जाते.

अजून एक मुद्दा आहे जो दुकानदार सांगत नाही. लहानपणीच खस्सी केलं की बोकडाची लघवीची नळी अरुंद राहते, आणि असा बोकड पुढे मक्याच्या भरड्यावर तयार केला की मूतखड्याचा धोका वाढतो. कुंथत उभा राहतो, थेंब थेंब येतं, वेळेत कळलं नाही तर गेला. रिंग लावायची तर पहिल्या आठवड्यातच लावावी लागते, चिमट्याला घाई नाही, दोन-अडीच महिन्यांपर्यंत थांबता येतं. बकरी ईदसाठी खुराकावर बोकड तयार करणाऱ्यांनी हे जास्त मनावर घ्यावं. गिऱ्हाईकाचंही सांगतो, कुर्बानीला खस्सी चालतो, पण माझ्याकडे येणारे लोक दात बघतात, कान बघतात, शिंगं बघतात आणि मग मागे हात घालून बघतातच. रिकामी का होईना पिशवी जागेवर असली की प्रश्न येत नाहीत, रिंगवाल्याची पिशवीच नसते, मग हे काय झालं, कधी झालं, जखम होती का, आणि भाव तिथेच खाली येतो. तुमच्याकडे वेगळं असेल, पण आधी विचारून घ्या.

जाता जाता कोंबड्याचं, कारण ते कुणीतरी विचारतंच. परदेशात, चीनमध्ये तर फार जुन्या काळापासून, कोंबडा खस्सी करतात, पण त्याच्या गोळ्या पोटात पाठीला लागून असतात, शेवटच्या दोन फासळ्यांमधून चिरून, फासळ्या फाकवून, दोऱ्याच्या फासाने ओढून काढतात. तिथे रिंग नाही आणि चिमटाही नाही, ते सरळ ऑपरेशन आहे. घरी तारेचं हत्यार वाकवून प्रयोग करायची जागा ती नव्हे. गावरान कोंबडा आपल्याकडे कोवळा असतानाच रश्श्यात जातो, त्याला कशाला.

वर्षाला दोन-चारच नर करडं निघत असतील तर चिमटा विकत घेऊच नका. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात असतो, फक्त आधी फोन करून विचारा की लहान आहे का, कारण बऱ्याच ठिकाणी बैलाचा मोठाच पडलेला असतो आणि त्याने करडाची नस नीट धरता येत नाही. वर्षाला दहाच्या वर निघत असतील तर नऊ इंची स्वतःचा घ्या, आणि पहिल्या वेळी डॉक्टरच्या हाताखालीच करा.