सोलापूरच्या सात रस्त्याजवळचं हॉटेल: खोलीतून ऑनलाइन पोकर खेळायचं तर

आधी कायद्याचं. 2025च्या कायद्यानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर देशभर बंदी आहे. हे सगळं फुकट चिप्सच्या टूर्नामेंटपुरतं.

खोली स्वच्छ, टेबल ऐसपैस, पण प्लग पलंगामागे. तीन मीटरचा एक्स्टेन्शन बोर्ड सोबत हवाच. वाय-फायचा वेग भरपूर, आणि फसगत तिथंच होते. पोकरला डेटा जेमतेम लागतो. कनेक्शन न तुटणं महत्त्वाचं. इथं दर दोन तासांनी लॉगिनचं पान पुन्हा ओटीपी मागतं. समोरून ऑल-इन (सगळ्या चिप्स लावणं) आलेलं असताना लाइन गेली, की टाइम बँक, म्हणजे विचाराचा राखीव वेळ, संपते आणि चांगले पत्ते आपोआप फोल्ड, म्हणजे डावातून बाद. वर ब्लाइंड, म्हणजे पाळीपाळीनं भरायच्या सक्तीच्या चिप्स, कापले जातातच. स्मॉल ब्लाइंड अर्धा, बिग ब्लाइंड एक आणि त्याच्यासोबतची तेवढीच सक्तीची अँटी धरली तर टेबलाच्या एका फेरीला अडीच बिग ब्लाइंड, म्हणजे 10 बिग ब्लाइंडचा स्टॅक (हातातल्या चिप्स) दोन फेऱ्यांत निम्मा!

उपाय: सुरुवातीच्या पाच मिनिटं आधी लॉगआउट करून नव्यानं लॉगिन करा, पुढचं लॉगिन ब्रेकमध्ये उरका. फोनचा हॉटस्पॉट यूएसबी केबलनं जोडून तयार ठेवा, चार्जिंगही होतं.

वीज गेली तर दिवे इन्व्हर्टरवर चालतात, मजल्यावरचा राउटर नाही. काउंटरवर आधी विचारा.

किचन साडेदहाला बंद. कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणून ठेवा, फक्त तेलकट बोटं टचस्क्रीनला लावू नका. ‘चेक’ (काही न लावता पुढे) ऐवजी ‘रेज’ (बोली वाढवणं) दाबलं जातं.