एसीचा गॅस संपलाय म्हणून २४ हजार घेतले, बिघाड होता ग्लोव्ह बॉक्सच्या मागे

मी धायरीला राहतो आणि ऑफिस हिंजवडीला, म्हणजे रोज नवले पूल, वारजे, चांदणी चौक असं करत जायला सव्वा तास आणि यायला कधी कधी दोन तास. मार्च लागला की एसीशिवाय भागत नाही, काच खाली केली की बायपासवरच्या ट्रकचा धूर सरळ तोंडावर येतो. त्यामुळे एसी बिघडला की माणूस घाईला येतो आणि समोरचा सांगेल ते ऐकतो, माझं तेच झालं. उन्हाळ्याच्या तोंडावर एसीच्या कामाला गाडी टाकणार असाल तर हे पूर्ण वाचा, लांबलंय पण वाचा.

गाडी २०१९ ची पेट्रोल हॅचबॅक. मार्चमध्ये लक्षात आलं की हवा थंड आहे पण अंगाला लागत नाही. ब्लोअर चारवर टाकला तरी आवाज भरपूर आणि जाळीसमोर हात धरला तर नुसती झुळूक. त्यात पाऊण तास गाडी चालली की हवा जवळजवळ बंदच व्हायची, एसी दहा मिनिटं बंद ठेवून परत लावला की परत बरी. शिवाय गाडीत बसल्याबसल्या ओल्या गोणपाटासारखा कुबट वास. हे सगळं मी आमच्या भागातल्या गॅरेजवाल्याला जसंच्या तसं सांगितलं होतं, हे मुद्दाम लिहितोय, कारण नंतर कळलं की एवढ्या लक्षणांवरून जाणकार माणूस पहिल्यांदा केबिन फिल्टर, म्हणजे एसीची हवा गाळणारा फिल्टर बघतो.

त्याने बॉनेट उघडलं, दोन पाइपांना हात लावला आणि म्हणाला, "साहेब, गॅस डाऊन आहे." मग मला खाली वाकायला लावलं. गाडीखाली पाणी ठिबकत होतं. "हे बघा, लीकेज." मी बघितलं, पाणी खरंच होतं, आणि मला पटलं.

ते पाणी म्हणजे लीकेज नाही. एसी चालू असला की डॅशबोर्डच्या आतली कुलिंग कॉइल गार होते, हवेतला दमटपणा तिच्यावर धरतो आणि नळीवाटे खाली पडतो, पाण्याच्या गार तांब्यावर थेंब येतात ना तसं. एसी नीट चालू आहे याचीच ती खूण. आणि गॅस असा ठिबकून दिसूच शकत नाही. आपल्या बहुतेक गाड्यांत आर-१३४ए नावाचा गॅस असतो, तो उणे २६ अंशालाच उकळतो, म्हणजे बाहेर आला की लगेच वाफ होऊन उडून जाणार. कोणी पाणी दाखवून गॅस लीक म्हणत असेल तर तिथूनच गाडी वळवा.

मला तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं. टॉप अपचे १८०० दिले. गेज लावलं, बाटली जोडली, दहा मिनिटांत काम झालं. वर त्याने एक सल्ला दिला, "ते गोल बाणाचं बटण कायम दाबून ठेवा साहेब, बाहेरची गरम हवा आत आली की गॅस लवकर संपतो." या सल्ल्याने पैशांपेक्षा मोठं नुकसान होता होता राहिलं, त्यावर येतोच.

महिनाभराने परत तेच. परत टॉप अप १८००, आणि वासासाठी "एसी सॅनिटायझेशन" म्हणून ९००. ते सॅनिटायझेशन म्हणजे व्हेंटमध्ये मारलेला सेंटचा फवारा. चार दिवस लिंबाचा वास आला आणि आई गाडीत बसली की खोकत बसायची, मग पाचव्या दिवशी गोणपाट परत आलं.

मे महिन्यात नवीनच सुरू झालं. वारजे पुलाखाली ट्रॅफिकमध्ये गाडी उभी राहिली की पाच मिनिटांत एसी गरम हवा फेकायला लागायचा आणि गाडी पळायला लागली की परत गार. त्या दिवसांत बाहेर ४० अंश, आत घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. परत गॅरेजला गेलो तर तो अगदी गंभीर चेहरा करून म्हणाला, "कॉम्प्रेसर गेला साहेब. आता नाही बदलला तर आतला भुगा सगळ्या लाइनमध्ये जाईल, मग ५० हजारांचं काम." कॉम्प्रेसर म्हणजे गॅस दाबून लाइनमध्ये फिरवणारा पंप, त्याचे १७,५०० आणि मजुरी १२००, वर मी परत वासाचं काढलं म्हणून केबिन फिल्टर बदलला ७५०. जुना कॉम्प्रेसर मागितला तर म्हणाला तो एक्स्चेंजमध्ये परत जातो. आधीचं धरून सगळे मिळून २३,९५० रुपये झाले. दुसऱ्या दिवशी गाडी आणली, उभ्या गाडीत पण गार हवा येत होती, मला वाटलं चला सुटलो एकदाचे.

जूनच्या शेवटी साताऱ्याला मामांकडे गेलो होतो, मी, बायको, आई आणि मुलगी. परत निघायला रात्र झाली आणि खंबाटकीपासून पाऊस. गोल बाणाचं बटण नेहमीसारखं दाबलेलं. काचेला आतून वाफ धरत होती, ब्लोअर काचेवर घेतला तरी जाईना, मी फडक्याने पुसत पुसत चालवत होतो. शिरवळ सोडल्यापासून डोकं जड, डोळ्यांची आग आणि जांभया. मला वाटलं दिवसभराचा थकवा असेल. मागे आई आणि मुलगी दोघी गाढ झोपलेल्या. कात्रजचा नवा बोगदा संपून नवले पुलाकडचा उतार लागला, तो उतार पुण्यात कोणाला माहीत नाही, किती अपघात झालेत तिथे, आणि बरोबर तिथे माझा डोळा लागला. एक सेकंद असेल नाहीतर दोन. बायको ओरडली, "अहो, गाडी कुठे चाललीय!" डोळे उघडले तर कंटेनरचं मागचं चाक डाव्या काचेला लागून, त्याचे नट दिसत होते मला. स्टेअरिंग ओढलं, बाजूला घेतली, चारही काचा खाली केल्या. पाऊस आत येत होता तरी तसेच बसलो. आणि पाच मिनिटांत डोकं इतकं हलकं झालं की बायको म्हणाली, हा थकवा नव्हता हो, गाडीतली हवाच काहीतरी होती.

तिचं बरोबर निघालं. गोल बाणाचं बटण दाबलं की बाहेरची हवा बंद होते आणि आतलीच हवा परत परत फिरते. चार माणसांनी सोडलेला श्वास तिथेच साठतो. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण ४२० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ४२० भाग असतो, बंद गाडीत चार जण असले की बघता बघता तो हजाराच्या पार जातो आणि पुढे चढतच राहतो. गुंगी, जडपणा, डोकेदुखी त्यानेच. आणि गंमत नाही यात, एसीने गारवा मिळतो म्हणून हवा चांगली असं आपण धरून चालतो, पण गारवा वेगळा आणि हवा वेगळी. श्वासातला दमटपणा पण आतच राहतो आणि पावसात काचेवर धरतो. एसी तो दमटपणा ओढून काढतो, पण त्यासाठी ब्लोअरची हवा जोरात यायला पाहिजे, माझ्याकडे तीच येत नव्हती. बोगदा आला, पुढे धूर सोडणारा टेम्पो आला, भर उन्हात गाडी पटकन गार करायची आहे, तर दाबा ते बटण, त्यासाठीच आहे ते. पण दहा-पंधरा मिनिटांनी सोडा. त्याने गॅस वाचत नाही आणि सोडल्याने संपत नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसमधल्या मित्राने नाना पेठेतल्या एका मेकॅनिक काकांकडे पाठवलं. साठीचा माणूस, कोपऱ्यातलं छोटं दुकान. मी बोलायला लागलो, "हवा कमी येते", तर पुढचं ऐकायच्या आधीच ते डाव्या सीटसमोर बसले. ग्लोव्ह बॉक्समधलं सामान माझ्या हातात दिलं, खणाच्या दोन्ही बाजू आत दाबल्या, खण खाली लोंबकळला. मागे एक प्लास्टिकचं झाकण, ते उघडून दोन बोटांनी फिल्टर ओढला. निम्मा आला आणि अडकला. हळूहळू हलवत बाहेर काढला तेव्हा मांडीवर काळा भुगा सांडला. घड्यांचा कागद असतो तो, घड्या दिसतच नव्हत्या, पूर्ण लिंपलेला. वरच्या बाजूला कुजलेली गुलमोहराची पानं, कबुतराचं एक पीस, आणि सिंहगड रोडला पुलाचं काम चालू होतं त्या वर्षांची सगळी धूळ. खालून दमट. नाकाजवळ धरला तर तोच गोणपाटाचा वास. काका म्हणाले, "दादा, हा गाडीबरोबर आलेला फिल्टर आहे, याला कोणी हातच लावलेला नाही." माझ्या खिशात ७५० चं बिल होतं, फिल्टर बदलल्याचं.

मग त्यांनी सगळं उलगडून सांगितलं. फिल्टर चोंदला की कुलिंग कॉइलवरून हवा जात नाही, कॉइल गार होत होत तिच्यावर बर्फ धरतो, तेवढी हवा पण अडते. एसी बंद केला की बर्फ वितळतो म्हणून परत बरं वाटतं. गॅसचा यात संबंधच नाही. गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, बंद लाइनमध्ये तोच तोच फिरतो. कमी झालाय म्हणजे कुठून तरी गळतोय, आणि मग आधी गळती शोधून बंद करायची, लाइनला पंप लावून अर्धा तास व्हॅक्यूम करायचा, आतली हवा-पाणी काढायचं आणि मग वजन करून गॅस भरायचा. माझ्या गाडीच्या बॉनेटखाली स्टिकरच आहे, ४३० ग्रॅम. काकांनी मशीनने गॅस काढून मोजला, ५४० निघाला. मे महिन्यात यापेक्षा जास्त असणार असं ते म्हणाले. गॅस जास्त झाला की प्रेशर वाढतं, उभ्या गाडीत पुढून वारा नसतो तेव्हा ते एवढं चढतं की स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. म्हणजे ट्रॅफिकमध्ये एसी बंद पडायचा तो त्या गॅरेजवाल्याच्याच दोन टॉप अपमुळे, आणि त्याच बिघाडावर त्याने मला कॉम्प्रेसर विकला!

आणि कॉम्प्रेसर? काकांनी गाडी वर घेतली आणि टॉर्च धरला. कॉम्प्रेसर चकाचक धुतलेला. त्याच्या बोल्टवर कंपनीत मारलेली पिवळ्या रंगाची रेघ असते, बोल्टच्या डोक्यावरून खालच्या पत्र्यापर्यंत एक सलग. बोल्ट फिरवला तर रेघ तुटते. मी स्वतः वाकून बघितलं, एकेका बोल्टची रेघ सरळ, कुठेही तुटलेली नाही. २०१९ पासून तो कॉम्प्रेसर जागचा हललाच नव्हता. गॅरेजवाल्याने थोडा गॅस सोडून दिला होता, म्हणून उभ्या गाडीत गार हवा यायला लागली, आणि जुनाच कॉम्प्रेसर डिझेलने धुतला होता, त्याचे १७,५००. मला खरं सांगायचं तर चक्कर आल्यासारखं झालं. पैशांचं दुःख होतंच, पण त्या उतारावर गाडीत आई होती, मुलगी होती.

काकांनी नवीन फिल्टर टाकला ४५० चा, कॉइल फेसाच्या स्प्रेने धुतली, पाण्याची नळी साफ केली, गॅस मापात भरला. सगळे मिळून २६०० घेतले. ब्लोअर दोनवर ठेवला तरी आता हवा मागच्या सीटपर्यंत जाते.

फोटो आणि बिलं घेऊन गॅरेजला गेलो. आधी मालक म्हणाला ते काम करणारा पोरगा सोडून गेला. मग म्हणाला दोन सर्व्हिसिंग फ्री देतो. बोल्टचा फोटो दाखवल्यावर आत नेलं आणि ८ हजार देतो म्हणाला, पण तक्रार नाही असं लिहून द्या. मी नाही दिलं. वडील म्हणायचे, सही करताना हात जड ठेवावा, ते आठवलं.

तुमच्यापैकी कोणी गाडी टाकणार असेल तर ग्लोव्ह बॉक्सचा फिल्टर आधी स्वतः काढून बघा, बऱ्याच गाड्यांत पान्हासुद्धा लागत नाही, माझी मुलगी नववीत आहे, तिने काढून दाखवला. आपल्याकडच्या धुळीत वर्षातून एकदा तर बदलाच. गॅस भरणार असेल तर किती ग्रॅम भरणार ते बिलावर लिहून मागा, नुसतं "गॅस टॉप अप" लिहिलेलं बिल घेऊ नका. मोठा पार्ट बदलणार असेल तर गाडी द्यायच्या आधी त्या पार्टचा आणि बोल्टचा फोटो काढा, आणि जुना पार्ट परत पाहिजे हे काम सुरू व्हायच्या आधी सांगा, नंतर मागितला की एक्स्चेंजची गोष्ट ऐकायला मिळते. सेंट मारून वास घालवत असेल तर वासाचं कारण तसंच राहतंय हे धरून चाला.

मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, गॅरेजला रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस पाठवली, उत्तर आलं नाही, म्हणून आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करतोय. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. नाना पेठेतल्या काकांनी तपासलेलं सगळं त्यांच्या बिलावर लिहून सही-शिक्क्यानिशी दिलंय, किती ग्रॅम गॅस निघाला तेही. तो काळा फिल्टर पिशवीत बांधून तारीख टाकून ठेवलाय. नोटिशीचा आणि अर्जाचा मसुदा मी मराठीत केलाय, कोणाला लागत असेल तर सांगा, लगेच पाठवतो.