पल्ला आणि उड्डाणकाळ काढायला कोणती रीत धरावी?

प्रक्षेप्य गतीचं, म्हणजे फेकलेल्या वस्तूच्या गतीचं गणित (ती किती दूर पडते तो पल्ला, किती वेळ हवेत राहते तो उड्डाणकाळ) चार रीतींनी सुटतं: तयार सूत्र, वेगाचे आडवा आणि उभा असे घटक, मार्गाचं समीकरण आणि स्प्रेडशीटवर टप्प्याटप्प्याने आकडेमोड. अकरावीपासून सीईटीपर्यंत ज्याला जायचंय त्याने घटकांची रीत आधी पक्की करावी, बाकीच्या तिच्यावर चढवाव्यात, असं आमचं ठाम मत आहे. का, ते एकाच चेंडूवर पाहू: वेग २० मी/से, आडव्या रेषेशी कोन ३०°, ग (गुरुत्व त्वरण) = १० मी/से².

तयार सूत्र सगळ्यात झटपट. उड्डाणकाळ = २ × वेग × साइन(कोन) ÷ ग = २ सेकंद. पल्ला = वेग² × साइन(२ × कोन) ÷ ग = ३४.६ मी. सीईटीत भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत उरकायचे असतात, तिथे हा वेग मोलाचा आहे. पण अट कडक आहे: वस्तू जिथून सुटली त्याच पातळीवर पडली पाहिजे.

आता तोच चेंडू १५ मी उंच गच्चीवरून फेका. तयार सूत्रात उंचीला जागाच नाही, त्यामुळे ते पुन्हा ३४.६ हेच उत्तर देतं. घटकांनी करा: आडवा वेग २० × ०.८६६ = १७.३२, उभा वेग २० × ०.५ = १०. वरची दिशा धन धरली की जमीन −१५ वर येते. म्हणून −१५ = १० × काळ − ५ × काळ², म्हणजेच काळ² − २ × काळ − ३ = ०. उत्तरं ३ आणि −१; ऋण काळ सोडून द्यायचा. पल्ला १७.३२ × ३ = ५२ मी. तब्बल सतरा मीटरांचा फरक! इथे चुका होतात त्या चिन्हांच्या: उंची +१५ लिहिली की वर्गसमीकरणाला वास्तव उत्तरच मिळत नाही. तसं झालं तर आकडेमोड पुन्हा तपासण्याआधी चिन्ह बघा.

४५° ला पल्ला सर्वाधिक, हेही समान पातळीपुरतंच खरं. या गच्चीवरून सर्वात लांब पल्ला सुमारे ३७° ला मिळतो, ५२.९ मी; ४५° ला ५१.६ मीच.

उतारावर फेकलेल्या वस्तूलाही घटकच घ्या, पण अक्ष उताराला समांतर आणि लंब धरा. मग समांतर दिशेतही त्वरण असतं, तिथे नुसतं ‘वेग × काळ’ चालत नाही. बरेच जण नेमके इथेच अडकतात.

मार्गाचं समीकरण काळ विचारलेला नसतो तेव्हा कामाचं. त्याचं सुटसुटीत रूप: उंची = अंतर × टॅन(कोन) × (१ − अंतर ÷ समान पातळीवरचा पल्ला). जमिनीवरून फेकलेला आपला चेंडू २० मीटरवरच्या ५ मी उंच भिंतीवरून जाईल का? २० × ०.५७७ × (१ − २० ÷ ३४.६४) = ४.८८ मी. नाही जाणार, १२ सेंमी कमी पडतात. सरळ वर फेकलेल्या वस्तूला मात्र ही रीत निरुपयोगी, कारण टॅन ९०° ची किंमतच नाही.

प्रकल्पासाठी किंवा खऱ्या मैदानासाठी हवेचा रोध धरावाच लागतो. क्रिकेटचा चेंडू ३० मी/से ने जाताना, रोधगुणांक (वस्तूच्या आकारावर ठरणारा रोधाचा आकडा) ०.४५ धरला, तर रोधामुळे येणारं त्वरण सुमारे ६ मी/से² असतं, म्हणजे ‘ग’च्या निम्म्याहून जास्त. इथे स्प्रेडशीटच हवी: काळ, दोन अंतरं, दोन वेग असे रकाने आणि ०.०१ सेकंदाचा टप्पा. प्रत्येक घटकाचा रोध = स्थिरांक (रोधाचं त्वरण ÷ वेग²) × एकूण वेग × तो घटक. घटकाचाच वर्ग घेतला तर उत्तर चुकतं, शिवाय खाली येताना रोधाची दिशाही उलटी लागते. एक्सेलचं साइन रेडियन मागतं; ३० तसेच टाकले तर ०.५ ऐवजी −०.९८८ येतं. आधी स्थिरांक शून्य ठेवून तयार सूत्राशी उत्तर जुळतंय ना ते पाहा, मग टप्पा निम्मा करून पल्ला किती हलतो ते बघा. उंची ज्या दोन ओळींच्या मध्ये ऋण होते, तिथलं अंतर प्रमाणाने काढा.