गावच्या झेडपी शाळेचा पहिली-दुसरीचा वर्ग : एका आईचा रिव्ह्यू (५ पैकी ४ स्टार)

अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेबद्दल लिहितेय. नातेवाइकांमधे, बचत गटात सारखं विचारतात की पोराला कुठे टाकू, झेडपीत काही शिकवतात का. माझा मुलगा आता दुसरीत आहे, मोठी मुलगी याच शाळेतून चौथी करून गेली, आणि पालक म्हणून मी वर्गात बऱ्याचदा बसलेली आहे, त्यामुळे जे डोळ्यांनी पाहिलं तेच सांगते.

आधी हे समजून घ्या की शाळा दोन शिक्षकी आहे. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) नियमात ६० पोरांपर्यंत दोनच शिक्षक मिळतात, म्हणून पहिली-दुसरी मॅडमकडे एका खोलीत आणि तिसरी-चौथी सरांकडे. हे ऐकून लोक नाक मुरडतात, पण पहिली-दुसरी एकत्र बसल्याचा फायदा मी बघितलाय. मॅडम पहिलीवाल्यांना फळ्यावर काही दाखवत असल्या की दुसरीची पोरं आपापली जोडी करून काड्या मांडून बसतात, आणि पहिलीतलं एखादं पोर हळूच सरकत सरकत त्यांच्यात जाऊन बसतं, त्याला कोणी उठवत नाही. पुढच्या वर्षीचं निम्मं तर ते तसंच शिकून घेतं.

गणित हा या वर्गाचा सगळ्यात भारी भाग, म्हणून त्याच्यावर जास्त लिहिते. कपाशीच्या वाळलेल्या काड्या एकसारख्या तोडून ठेवल्यात, दहा काड्या झाल्या की रबर लावायचं, तो झाला एक दशक. आता ३२ मधून १५ काढायचे. पोरासमोर तीन गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या. दोनातून पाच जात नाहीत हे त्याला सांगावं लागत नाही, हातात दिसतंच ना, मग ते स्वतःच एका गठ्ठ्याचं रबर काढतं, सुट्या होतात बारा, त्यातल्या पाच बाजूला ठेवल्या की सात उरतात, आणि राहिलेल्या दोन गठ्ठ्यातला एक उचलला की उत्तर सतरा. हे भरपूर दिवस चालतं, वहीत हातचा त्याच्यानंतर येतो. शेजारच्यांची मुलगी तालुक्याच्या एका इंग्लिश मीडियममधे जाते, तिची वही एकदम टापटीप आहे, वजाबाक्यांची पानंच्या पानं भरलेली, पण हातचा म्हणजे काय घेतला ग असं विचारलं तर म्हणे वरचा आकडा खोडून एक कमी लिहायचा. उत्तर तिचंही बरोबर येतं, पण खोडलेला तो एक म्हणजे दहा काड्यांचा गठ्ठा होता हे तिला कोणी दाखवलंच नाही.

तशीच शंभर मण्यांची माळ आहे भिंतीवर, दहा लाल, दहा पांढरे, परत दहा लाल अशी. एकोणसाठ दाखव म्हटलं की पोर साठ संपतात तिथे जातं आणि एक मणी मागे येतं. मी घरी तशीच माळ करून दिली, खर्च काहीच नाही, आणि मोबाईलवरच्या कुठल्याही ॲपपेक्षा जास्त कामाला आली.

वाचनाचं पण तसंच. सुरुवातीला अ पासून ज्ञ पर्यंत घोकून घेत नाहीत. थोडी अक्षरं घ्यायची आणि लगेच शब्द करायचे, म ग र न एवढ्याच चार अक्षरांत मगर, नगर, गरम, मग हे सगळं होतं, म्हणजे पोराला पहिल्याच आठवड्यात वाटतं की आपल्याला वाचता येतं. काना, वेलांटी नंतर हळूहळू. आणि एक गोष्ट मला मनापासून आवडली, मॅडम पहिलीच्या पोरांशी आधी अहिराणीत बोलतात. आमच्याकडे घरोघरी अहिराणीच आहे, नवीन पोर तोंड शिवून बसलेलं असतं, मॅडमनी विचारलं "तुना घरमा कोन कोन शेतस?" की ते आईबापापासून बकऱ्यांपर्यंत सगळे मोजून दाखवतं. मग तेच वाक्य मॅडम मराठीत म्हणतात, फळ्यावर लिहितात, आणि पोर स्वतःच्याच घराचं वाचून राहिलेलं असतं. दुसरीच्या पोरांना रोज दोन ओळी स्वतःच्या मनाने लिहायच्या असतात. माझ्या मुलाने "बोरी नदीला पानी आलं" लिहिलं होतं, त्यावर लाल फुली नव्हती, पण दुसऱ्या दिवशी फळ्यावर पाणी, लोणी, कोण असे शब्द होते आणि सगळ्या वर्गाने ते मोठ्याने वाचले. नाव कोणाचंही घेतलं नाही. मुलाने घरी येऊन आपली वही आपणच दुरुस्त केली, यापेक्षा अजून काय पाहिजे?

परिपाठ रोज होतो, राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, दिनविशेष, सुविचार, आणि पोरं स्वतः पुढे येऊन बोलतात. शनिवारी दप्तर नाही, कागदकाम, मातीकाम, खेळ, परसबागेत पाणी घालणं.

वर्षातून एकदा शाळेत बाजार भरतो तो तुम्ही येऊन बघाच. पोरं घरून मेथी, वांगी, गिलके, बोरं, शेंगा आणतात आणि गाव विकत घ्यायला येतं. मी दुसरीतल्या एका मुलीकडून पंधरा रुपयाचे गिलके घेतले, वीसची नोट दिली, तिने वजाबाकी बिजाबाकी काही केली नाही, पंधरा म्हणाली, मग बोटांवर सोळा, सतरा, अठरा, एकोणीस, वीस असं मोजत गेली आणि पाचाचं नाणं माझ्या हातावर ठेवलं. बाजारात तिची आई असंच करते, तिने तिथेच बघितलेलं. दुसऱ्या दिवशी मॅडमनी तेच उदाहरण वर्गात घेतलं, एकदा काड्यांनी आणि एकदा त्या मुलीच्या पद्धतीने पुढे मोजत, आणि दोन्हीकडून पाच कसे येतात ते पोरांनाच शोधायला लावलं. असं शिकवणं मी आमच्या वेळी बघितलं नव्हतं.

पोषण आहार ठीक आहे. पाचवीपर्यंत एका मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ ठरलेला आहे, खिचडी असते, मटकीची उसळ असते. मसाला खूप कमी, आपल्या खान्देशी जिभेला फिकंच लागतं, पण गरम असतं आणि पोरं पोटभर खातात. जेवायच्या आधी हात धुवायची रांग लागते तशीच घरी पण सवय लागली.

आता एक स्टार का कापला ते. मॅडमना वरून सारखी कामं येतात, ऑनलाइन माहिती भरा, फोटो टाका, मतदार यादीचं काम करा. त्या दिवशी चारही वर्ग सरांकडे एका खोलीत कोंबले जातात आणि काहीच होत नाही, नुसता गलका. यात मॅडमचा दोष नाही, पण नुकसान आमच्या पोरांचं होतं आणि हे बंद व्हायलाच पाहिजे, पालकांनी ग्रामसभेत मांडायला पाहिजे. दुसरं, कापूस वेचणीच्या दिवसात निम्मी पोरं शेतात जातात, परत येतात तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. मॅडम अशा पोरांना मधल्या सुट्टीनंतर वेगळ्या काड्या घेऊन बसवतात, तरी सगळं भरून निघत नाही. तिसरं, इंग्रजी. कविता ॲक्शनसकट म्हणतात, रंग, प्राणी, फळं सगळं येतं, पण दोन वाक्यं बोल म्हटलं तर अडतात. आणि मार्च-एप्रिलमधे आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहितीच आहे, वरून पत्रे, शाळा सकाळची करतात तरी दहानंतर पोरं कोमेजून जातात. वर्गाला अजून एक पंखा आणि पत्र्याखाली सिलिंग मिळालं तर खूप फरक पडेल.

फी काहीच नाही, पुस्तकं आणि गणवेश शाळेतून मिळतात. पहिलीला मूल सहा वर्षांचं पूर्ण लागतं, जन्मदाखला आणि आधार घेऊन जा. शाळा बघायला जायचं असेल तर झेंडावंदनाच्या कार्यक्रमाला जाऊ नका, तेव्हा सगळ्याच शाळा छान दिसतात. साध्या मंगळवारी-बुधवारी मॅडमना विचारून परिपाठ झाल्यावर मागे बसा, गणिताचा तास तेव्हाच असतो.