गणपती पेठेतलं बाइंडिंग आणि माझे फिलाडेल्फियाचे तीन खंड

सांगलीत हार्ड बाउंड बाइंडिंग कुठे चांगलं होतं असं विचारलं की लोक कॉलेजांच्या आसपासची प्रोजेक्टवाली दुकानं सांगतात. काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, संध्याकाळी द्या, सकाळी न्या. पोरांना तेवढं पुरतं, व्हायव्हा झाल्यावर ते पुस्तक परत कोण उघडतंय? पण रोज हाताळायची वस्तू असेल तर गणपती पेठेतल्या बोळातलं हे दुकान गाठा. वरची पाटी झेरॉक्सची आहे आणि बाइंडिंगचा उल्लेख खाली बारीक अक्षरात, त्यामुळे माणूस सरळ पुढे निघून जातो. आत झेरॉक्स मशीनच्या मागे एक खोली आहे. तिथे खळीचा वास आला की समजायचं, आलो.

माझं काम जरा वेगळं होतं, म्हणून सविस्तर लिहितोय. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरातून 'द अमेरिकन क्रिकेटर' नावाचं नियतकालिक निघायचं. १८७७ साली सुरू झालं आणि १९२९ साली बंद पडलं, म्हणजे आपला सांगलीचा आयर्विन पूल खुला झाला त्याच वर्षी. त्याचे जुने अंक स्कॅन होऊन इंटरनेटवर फुकट मिळतात. मी विमा कंपनीतून निवृत्त झालेला माणूस, नोकरीभर ऑफिसच्या टीमचा स्कोअरर. स्कोअरकार्ड मोबाइलवर वाचणं मला जमत नाही. ते बोट ठेवून वाचायचं असतं, वरून खाली बॅट्समन आणि मग डावीकडून उजवीकडे कोणी कसा घालवला. म्हणून निवडक वर्षांची पानं काढून घेतली आणि त्याचे तीन खंड बांधायला दिले.

हा नाद लावला भाच्याने. तो मिरजेचा, आता तिकडे पेनसिल्व्हेनियात असतो, शनिवार-रविवार आपल्याच लोकांच्या टीममधून खेळतो. त्याने एकदा फोटो पाठवला. हिरवंगार मैदान, मागे राजवाड्यासारखी इमारत, नाव जर्मनटाउन क्रिकेट क्लब, आणि मैदानावर सगळी टेनिसची कोर्टं. खाली लिहिलं होतं, "मामा, इथे क्रिकेट कुठाय?" ते शोधता शोधता मी या अंकांपर्यंत पोचलो.

पहिली पानं मी दुसऱ्या एका दुकानात दिली होती, नाव घेत नाही. त्यांनी नुसत्या डिंकावर चिकटवून दिलं. दोनदा पूर्ण उघडल्यावर १८९३ सालची पानं हातात आली. त्यात नेमकी ती मॅच होती, फिलाडेल्फियाची ऑस्ट्रेलियाविरुद्धची. ऑस्ट्रेलियाचा संघ इंग्लंडचा दौरा आटपून घरी जाताना अमेरिकेत उतरला होता. या हौशी मंडळींनी त्यांच्याविरुद्ध ५२५ ठोकल्या. ऑस्ट्रेलिया १९९ आणि २५८. एक डाव ६८ धावांनी विजय! बेरीज मी स्वतः करून पाहिली, जुनी सवय. आणि असं पान सुटून फरशीवर पडलेलं बघणं म्हणजे काय, ते स्कोअररलाच कळेल.

तर ते सगळं उचलून मी इथे आलो. दुकानातले म्हातारे बाइंडर, सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही म्हणतो. त्यांनी आधीचं बाइंडिंग हातात घेतलं, पुठ्ठा मागे वाकवला, कण्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "शिवलंच नाही की ओ हे. साहेब, सुट्या पानांना नुस्ता डिंक कसा धरंल?" मग पानं चाळली. "हे काय आहे?" म्हटलं, अमेरिकेतलं क्रिकेट. "बेसबॉल असंल ते," असं म्हणून ते कामाला लागले.

बेसबॉल नाही मामा, क्रिकेटच. आणि त्यातलं बरंच आपल्याही आधीचं. फिलाडेल्फियाजवळच्या हॅवरफर्ड कॉलेजात १८३३ च्या सुमाराला विल्यम कार्व्हिल नावाच्या इंग्रज माळ्याने पोरांना क्रिकेट शिकवलं. जगातला पहिला आंतरराष्ट्रीय सामना म्हणून ज्याची नोंद आहे, तो १८४४ मध्ये न्यूयॉर्कला अमेरिका आणि कॅनडा यांच्यात झाला, कॅनडाने २३ धावांनी जिंकला. फिलाडेल्फिया क्रिकेट क्लब १८५४ चा. त्याच साली जर्मनटाउनचा, पुढच्या साली यंग अमेरिका, १८६५ ला मेरियन, १८७४ ला बेलमाँट. १८५९ मध्ये जॉर्ज पारचा इंग्लिश संघ पहिल्यांदा परदेश दौऱ्यावर निघाला तो ऑस्ट्रेलियाला नव्हे, भारतालाही नव्हे, उत्तर अमेरिकेला. १८७२ मध्ये इंग्लंडचा नामांकित फलंदाज, खुद्द डब्ल्यू. जी. ग्रेस तिथे खेळून गेला. १८८० पासून या क्लबांमध्ये हॅलिफॅक्स कप नावाची स्पर्धा चालायची, ती थेट १९२६ पर्यंत. सगळं हौसेचं. गावातली दुकानदार, वकील, बँकवाली मंडळी दुपारी पांढरे कपडे घालून मैदानावर यायची. इंग्लंडच्या दौऱ्यावर जातानाही संघाचं नाव 'जेंटलमेन ऑफ फिलाडेल्फिया', जेंटलमेन म्हणजे हौशी खेळाडू.

आता कामाबद्दल.

मामांचा मुलगा कॉम्प्युटरवर बसतो. स्कॅन काळपट होते. शंभर वर्षांपूर्वीचा कागद, त्यात मागच्या पानाची छपाई पुढे उमटलेली. त्याने पानामागून पान साफ केलं, पण एवढं पांढरं केलं नाही की बारीक आकडे उडून जावेत. हे महत्त्वाचं. स्कोअरकार्डातला ३ आणि ८ हा जीव काढणारा प्रकार असतो. मी त्याला म्हटलं, शंका आली की मला फोन कर. त्याने केलेही, वेळी-अवेळी. "काका, क्लबचं नाव ठीक आहे, पण किंगचे ३४४ आहेत की ३४१?" ३४४ रे बाबा. बेलमाँटकडून मेरियनच्या 'ब' संघाविरुद्ध, १९०६. बॉलिंगसाठी ओळखला जाणारा माणूस बॅट घेऊन ३४४ करून जातो, यावर त्या पोराचाही विश्वास बसत नव्हता.

या जॉन बार्टन किंगचं एक वेगळं प्रकरणच दुसऱ्या खंडात आहे. मूळचा बेसबॉल खेळणारा. पळत येताना चेंडू दोन्ही हातांनी डोक्यावर धरायचा, अगदी बेसबॉलच्या पिचरसारखा, आणि त्याचा तो ठेवणीतला चेंडू उशिरा आत वळायचा. त्याला तो 'अँगलर' म्हणायचा. १८९७ च्या इंग्लंड दौऱ्यात होव्ह गावी ससेक्स काउंटीचा डाव ४६ वर गुंडाळला, किंगचे १३ धावांत ७ बळी. त्यातला एक आपला रणजितसिंह, पहिल्याच चेंडूवर त्रिफळा. १९०८ मध्ये इंग्लंडच्या मोसमात ८७ बळी, एका बळीमागे सरासरी ११.०१ धावा, म्हणजे तिथल्या सगळ्या पगारी गोलंदाजांपेक्षा सरस. ही सरासरी पुढे पन्नास वर्षं, १९५८ पर्यंत, कुणाला मोडता आली नाही. किंग श्रीमंत घरचा नव्हता, आधी कापडाच्या धंद्यात होता, मग विम्यात. विम्यातला म्हटल्यावर मला त्याच्याबद्दल जरा जास्तच आपुलकी वाटते, हे आधीच सांगून ठेवतो.

आणि १९०९ ची आयर्लंडविरुद्धची मॅच. पहिल्या डावात किंगने ५३ धावांत दहाच्या दहा घेतले. कार्डावर उरलेला एक माणूस नाबाद दिसतो. प्रत्यक्षात त्याच्याही दांड्या किंगनेच उडवल्या होत्या, पण नो-बॉलवर! स्कोअरबुकात ती फक्त एक जादा धाव. मी मामांना हे सांगितलं तेव्हा ते दोरा ओवत होते. म्हणाले, "अंपायर कुठला होता?" सांगलीकराचा पहिला प्रश्न हाच असणार.

शिवणीचं काम बघायला मी मुद्दाम थांबलो. पानं मोठ्या कागदावर छापून घडी घातली, त्यांचे फॉर्मे केले, घडीवर टोच्याने भोकं पाडली आणि प्रत्येक फॉर्मा दोऱ्याने आधीच्या फॉर्म्याला बांधत गेले. दोऱ्याला मेण. खळीत मोरचूद घातलेला, म्हणजे कसर लागत नाही. कण्यावर मलमलची पट्टी, मग पुठ्ठा, मग कापड. रेक्झिन घ्या म्हणून त्यांनी एकदाही आग्रह केला नाही, उलट "पावसाळ्यात रेक्झिन घाम धरतंय" म्हणून कापडच सुचवलं. कृष्णाकाठच्या गावात हे ऐकण्यासारखं आहे. खंड आता टेबलावर सपाट उघडा राहतो, वर पेपरवेट लागत नाही.

खोट काढायचीच तर दोन आहेत. एक, पहिल्या खंडात आतला समास कमी सोडला. १८८४ चा पहिला इंग्लंड दौरा आणि त्यानंतरचा १८८९ चा, या दोन्हींत डावीकडच्या पानावरचा धावांचा रकाना शिवणीत गेला. धावांचा! नावं गेली असती तरी मी चालवून घेतलं असतं. दाखवल्यावर मुलगा कुरकुरला, पण मामांनी त्याला "उसव" एवढंच सांगितलं आणि तेवढे फॉर्मे परत छापून, परत शिवून दिले. जादा पैसे घेतले नाहीत. फक्त त्यात बराच वेळ गेला. दुसरी गोष्ट कण्यावरच्या अक्षरांची. 'फिलाडेल्फिया' देवनागरीत सोनेरी घालून घेतलं, तर तिसऱ्या खंडावर ते थोडं तिरकं बसलंय. कपाटात तिन्ही शेजारी ठेवले की नजर तिथेच जाते. बायको म्हणते, तुम्हालाच दिसतं.

तिसरा खंड तसाही जरा उदासच आहे. सुरुवात झकास, १९१२ मध्ये जर्मनटाउनच्या मैदानावर ऑस्ट्रेलियाला दोन धावांनी हरवलं. दोन! पण त्यानंतर फारसं मोठं काही नाही. १९१३ नंतर प्रथम दर्जाची मॅच नाही. बेलमाँट क्लब १९१४ मध्ये गुंडाळला. पुढच्या पानांवरची मॅचची वर्णनं आखूड होत जातात.

कारणांबद्दल माझं मत असं. लोक म्हणतात बेसबॉलने क्रिकेट मारलं. देशभराचं तसं असेल, पण फिलाडेल्फियात बेसबॉल जोरात असतानाच क्रिकेट शिखरावर होतं, किंग स्वतः दोन्हीकडचा. तिथे घाव घातला तो क्लबाच्या आत. टेनिसला दोन माणसं आणि एक तास लागतो, क्रिकेटला बावीस माणसं आणि अख्खा दिवस. बायका-मुलंही टेनिस खेळायला लागली. मेरियनवाल्यांनी गोल्फचं मैदान काढलं, ते आज क्रिकेटपेक्षा जास्त प्रसिद्ध आहे. जर्मनटाउनला १९२१ ते १९२३ अमेरिकेची राष्ट्रीय टेनिस स्पर्धा झाली. त्यात १९०९ मध्ये इम्पीरियल क्रिकेट कॉन्फरन्स (आजची आयसीसी) स्थापन झाली, ती इंग्लंड, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेची. साम्राज्याबाहेरच्यांना दार बंद, ते उघडलं १९६५ ला. ज्या वर्षी किंग सगळा डाव एकटा काढतो, त्याच वर्षी हे. आणि सगळ्यात मोठं म्हणजे खेळ क्लबाच्या फाटकाबाहेर फारसा गेलाच नाही. विजय हजारे आपल्या सांगलीत जन्मले, स्मृती मानधना इथेच खेळून मोठी झाली. इथे बोळात, गच्चीवर, शाळेच्या पटांगणात, कुणाच्या परवानगीशिवाय क्रिकेट चालतं. फिलाडेल्फियाच्या बोळांत ते चाललं नाही.

पण कागद मात्र त्यांनी जपले, ही गोष्ट मी मानतो. हॅवरफर्ड कॉलेजात क्रिकेटचं वेगळं ग्रंथालय आहे आणि कॉलेजची टीम अजून खेळते. फिलाडेल्फिया क्रिकेट क्लबानेही क्रिकेट परत सुरू केलंय. आपल्याकडे खेळाडू ढिगाने, पण तालमीच्या, मंडळांच्या, ऑफिसांच्या मॅचेसची स्कोअरबुकं विचारा. रद्दीत नाहीतर पुरात.

खर्चाचं सांगतो. साफसफाई, छपाई आणि कापडी शिवण-बाइंडिंग मिळून एका खंडाला साधारण नऊशे रुपये पडले, पानांवर अवलंबून. प्रोजेक्टवाल्यांच्या तिप्पट आहे, पण ते शिवत नाहीत. घाई असेल तर इथे जाऊ नका, मामा एका वेळी एकच काम हातात घेतात आणि लग्नसराईत पत्रिकांच्या कामामुळे मुलगा सापडत नाही. फोनवर भाव सांगत नाहीत, वस्तू बघूनच बोलतात. गाडी बोळात घालू नका, बाहेर मुख्य रस्त्याला लावून चालत या. रविवारी बंद. आतला समास पाऊण इंच सोडा असं आधीच कागदावर लिहून द्या आणि शिवण्याआधी एक फॉर्मा उघडून बघायला मागा, ते नाही म्हणत नाहीत.

पाचपैकी चार तारे. एक तारा त्या तिरक्या अक्षरांसाठी कापला.

आता आमच्या ऑफिस टीमची जुनी स्कोअरबुकं काढली आहेत, निम्म्यांना सेलोटेप लावलेली. मामा म्हणाले, सेलोटेप आधी घरी सोडवून आणा, इथे सोडवली तर त्याचे वेगळे पैसे पडतील. हेअर ड्रायरची हलकी ऊब दिली की निघते म्हणे. सुनेचा मागून घेतलाय.